साक्षीला देव नको

“तिसऱ्या रांगेतली डावीकडून दुसरी! तोंड उघड!”

मी ओरडले तशा तिसऱ्या रांगेतल्या सगळ्याच पोरींनी तोंडं उघडली. प्रशिक्षणार्थींचं हे असंच असतं, एकीला हाक मारली की दहाजणी दचकतात. जिला हाक मारली होती ती मात्र दचकली नाही. समोरच्या झेंड्याच्या खांबाकडे बघत, उजवा हात पुढे ताठ धरून, ओठ मिटून उभी राहिली.

आमच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात महिला तुकडीचं दीक्षांत संचलन त्या आठवड्याच्या शेवटी होतं. नऊ महिने पळवून, रांगवून, उन्हात रायफल घेऊन उभं करून आम्ही त्या पोरींना तयार केलं होतं. संचलनात सगळ्यांनी मिळून शपथ घ्यायची, की झाल्या शिपाई. शपथ नाही तर नोकरी नाही, नऊ महिने पाण्यात. सरावाच्या वेळी आमचे राखीव निरीक्षक धुमाळ साहेब माइकवरून शपथेचा एकेक तुकडा सांगत आणि मैदान तो परत म्हणे. “मी” की “मी”. “ईश्वरसाक्ष शपथ घेते की” की “ईश्वरसाक्ष शपथ घेते की”.

मी तेव्हा हवालदार होते आणि कवायत शिकवायचे. पोरी मला उस्ताद म्हणत. रांगांमधून फिरून कोण खरं म्हणतंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय ते बघायचं काम माझ्याकडे होतं. एवढ्या गलक्यात एकेकीचा आवाज ओळखू येत नाही, आणि ओठांवर तर भरवसा ठेवायचाच नाही, ते सगळ्याच हलवतात. घसा बघायचा. आवाज निघत असेल तर घसा हलतोच. निवृत्त झाले तरी ही सवय गेलेली नाही. गणपतीच्या आरतीला आमच्या शेजारीणबाई नुसते ओठ हलवतात हे सोसायटीत फक्त मला माहीत आहे.

ह्या पोरीचे तर ओठही हलत नव्हते. “ईश्वरसाक्ष शपथ घेते की” होईपर्यंत ती गप्प, आणि “भारताच्या संविधानाबद्दल” सुरू झालं की तिच्या मानेच्या शिरा फुगायच्या. पुढची सगळी निष्ठा, सार्वभौमता, एकात्मता ती शेजारणीच्या कानठळ्या बसतील अशी म्हणायची. मी मुद्दाम तीनदा सराव घ्यायला लावला. तिन्ही वेळा तेच.

संशय माझ्या स्वभावातच आहे. पोलिसात गेल्यामुळे आला असं आमचे हे म्हणतात, पण त्यात तथ्य नाही. माझी आई सांगायची की लहानपणी शिऱ्यातला बेदाणासुद्धा मी आधी चिमटीत दाबून बघायचे. तर त्या दिवशी मैदान मोकळं झाल्यावर मी त्या पोरीला थांबवून घेतलं. रोशना काळे तिचं नाव. पळण्यात तुकडीत पहिली, नेमबाजीत दुसरी. तिच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती, आणि ज्याच्याबद्दल कधीच तक्रार येत नाही त्या माणसाकडे मी जरा जास्तच बघते.

“एकटी म्हण शपथ.”

“मी रोशना सुंद्री काळे…” ती म्हणाली आणि श्वास घेतला. “भारताच्या संविधानाबद्दल खरी श्रद्धा…”

“थांब. सुंद्री कोण?”

“आई.”

“वडिलांचं नाव?”

“कागदावर आईचंच लावलंय, उस्ताद.”

“बरं. आणि मधलं काय गिळलंस?”

“गिळलं नाही. म्हटलं नाही.”

“का?”

ती खाली बघेना, वर बघेना. “पळायला लावा, उस्ताद. किती पण फेऱ्या मारते.”

मी लावलं पळायला. दुपारचं ऊन, अंगावर पूर्ण पट्टा, डोक्यावर रायफल. ती एकही फेरी ढिली न सोडता पळत राहिली. माझं समाधान व्हायच्या ऐवजी संशय वाढला. शिक्षा मागून घेणारा माणूस मला कधीच आवडला नाही. मोठं काही लपवायचं असलं की माणूस लहान शिक्षा आनंदानं भोगतो, हे मी कोठडीत पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

धुमाळ साहेब व्हरांड्यातून बघत होते. कपाळाला गंध, मनगटाला लाल दोरा, कामाला एकदम चोख असा माणूस. त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या हातात चहाचा कप होता.

“काय केलं हिनं?”

मी सांगितलं.

“काळे म्हणजे मराठा का?”

“नाही साहेब. पारधी.”

त्यांनी कप कठड्यावर ठेवला. “अस्सं.”

ह्या ‘अस्सं’चा अर्थ खात्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजांनी ह्या जमातीवर कायद्यानंच जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा रद्द झाला, पण ठाण्यातली नजर काही रद्द झाली नाही. कुठे दरोडा पडला की पंचनामा व्हायच्या आधी गाडी पारध्यांच्या पालांकडे वळायची.

“चोराच्या मनात चांदणं, सुतारबाई,” धुमाळ साहेब म्हणाले. “उद्या हिच्या भावाबंदांना पकडायला जायची वेळ आली तर ही आधी निरोप पाठवणार. देवाची शपथ घेऊन तसं केलं तर देव सोडणार नाही, ही भीती आहे तिला. म्हणून आत्ताच वाट मोकळी ठेवते.”

“म्हणजे ती देवाला भिते म्हणून शपथ घेत नाही?”

“किंवा भीत नाही म्हणून घेत नाही. जो देवाला भीत नाही तो सरकारला काय भिणार? दोन्हीकडून वाईटच.”

“मला वाटतं तिनं धर्म बदलला असावा, साहेब. रविवारी एकटीच चिंचेखाली बसलेली असते.”

“मग काढा शोधून. उद्या संध्याकाळपर्यंत मला कारण पाहिजे. नाहीतर मी प्राचार्यांना सांगून तिला संचलनातून काढतो. शपथ न घेणारी मुलगी गणवेशात मैदानावर उभी करायची, आणि उद्या काही झालं की विचारणार मला.”

म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता आणि तिच्या हातातही तेवढाच, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

योगायोगानं तो मंगळवार होता. केंद्राच्या आवारात एक छोटं देऊळ आहे, तिथं मंगळवारी आरती होते. मी मागच्या खांबाला टेकून उभी राहिले. रोशना आली, टाळ्या वाजवल्या, आरती म्हटली, प्रसादाचा नारळ डोळ्यांना लावून खाल्ला. धर्म बदललेली मुलगी असं करणार नाही. माझा तर्क तिथंच नारळासारखा फुटला.

आरतीनंतर मी बराकीत ट्रंकांची तपासणी काढली. सगळ्यांच्या ट्रंका उघडायला लावल्या, पण बघायची होती एकच. तिच्या घडी घातलेल्या गणवेशाखाली एक लाल फडकं होतं. मी ते उलगडलं. आत चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली देवी.

“ही कोण?”

“देवी आहे आमची. आईनं दिली.”

“म्हणजे देव मानतेस.”

“मानते की.”

“मग तिची शपथ घ्यायला काय होतं तुला?”

तिनं माझ्या हातातून फडकं घेतलं. हिसकावलं नाही, पण विचारलंही नाही. “तिला ह्यात आणू नका, उस्ताद.”

आता तर मला पुरतं चक्रावल्यासारखं झालं. देव मानते, आरती करते, देवी ट्रंकेत जपते, आणि त्याच देवाला साक्षी ठेवून देशाशी इमान राखीन एवढं म्हणत नाही. धुमाळ साहेबांचं गणित बरोबर निघायला लागलं होतं आणि ते मला आवडत नव्हतं. मी तिच्या तालुक्याच्या ठाण्यात फोन लावला. तिथला हवालदार माझ्या ओळखीचा होता. त्यानं तिच्या बापाचं नाव काढलं, आणि म्हणाला, “दरोड्याच्या संशयावरून सात महिने आत होता, बाई. पुरावा नव्हता, सुटला. पुढं कुठं गेला ते काही कळलं नाही. का हो, पुन्हा काय केलं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “अजून तरी काही नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरी शस्त्रागाराच्या ओट्यावर रायफली साफ करत बसल्या होत्या. मी बाकीच्यांना चहाला पिटाळलं आणि तिच्यासमोर बसले. ती नळीतून तेलाची चिंधी ओढत होती.

“तुझे वडील सात महिने आत होते.”

चिंधी अर्ध्यावर थांबली.

“उस्ताद,” ती म्हणाली, “माझ्यावर आळ कसला आहे ते आधी सांगा.”

“आळ कुठला? शपथ घे एवढंच म्हणतोय.”

“तेच ते.”

“तेच ते कसं?”

“आमच्यात ज्याच्यावर आळ येतो त्यालाच शपथ घालतात. चांगल्या माणसाला कोण कशाला घालेल? तुमच्यात नाही का तसं? तुमच्या गावात भंडारा कुणाला उचलायला लावतात?”

आमच्या गावात खंडोबाच्या देवळात भंडारा उचलायची रीत आहे. कुणाची कोंबडी गेली, कुणाच्या विहिरीवरची मोटार गेली, की संशय असेल त्यानं मूठभर हळद उचलून सांगायचं, मी नाही घेतली. कोंबडी गेलेल्यानं कधी भंडारा उचलल्याचं मला आठवेना.

“आळ आलेल्यालाच,” मी म्हणाले.

“मग.”

“अगं पण ही शपथ वेगळी. ही देशाची. सगळेच घेतात, मीही घेतली.”

“ते कळतं मला. मी काय अडाणी आहे का? देशाची शपथ मी घेते की. संविधानापासून पुढचं सगळं म्हणते, तुम्ही बघितलंय. फक्त तो साक्षीदार नको.”

“कुठला साक्षीदार?”

“ईश्वर.”

तिनं रायफल मांडीवरून खाली ठेवली, हात पुसले, आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागली.

“बाबाला तुम्ही उचललं. तुम्ही म्हणजे पोलिसांनी. सात महिन्यांनी सुटून आला. तोवर पालात आई आणि मी, दोघीच. मी पाचेक वर्षांची असेन. पंचांपैकी कुणीतरी बाबाच्या कानात घातलं, तू आत होतास तेव्हा ही नीट राहिली नाही. झालं. पंचायत बसली. कढईत तेल तापवलं, त्यात नाणं टाकलं. म्हणाले, तू खरी असशील तर हात घालून काढ, देव तुझा हात भाजू देणार नाही. सगळ्यांनी हात जोडून म्हटलं, देव साक्षीला आहे.”

ओट्यावरची तेलाची बाटली मी बाजूला सरकवली.

“उकळत्या तेलात हात घातला की भाजतोच, उस्ताद.”

“माहीत आहे.”

“तिथं कुणालाच माहीत नव्हतं.”

शस्त्रागाराच्या पलीकडे कुणीतरी हसल्याचा आवाज आला. ती तो थांबेपर्यंत थांबली.

“आई खोटी ठरली. आम्हाला जातीबाहेर काढलं. बाबा निघून गेला. आईनं एका हातानं मोलमजुरी करून मला आश्रमशाळेत घातलं. आता कमी झालंय हे सगळं, आमचीच शिकलेली पोरं पंचांशी भांडतात. तेव्हा कुणी नव्हतं भांडायला.” मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “लॉच्या तासाला शिकवलं ना आम्हाला, साक्षीदार एकदा खोटं बोलल्याचं सापडलं की त्याच्या पुढच्या साक्षीवर कोर्ट भरवसा ठेवत नाही. देवानं माझ्या आईविरुद्ध खोटी साक्ष दिली. मी मानते त्याला. आरती करते, नारळ खाते, देवीला ट्रंकेत जपून ठेवते. पण साक्षीला नको.”

मला राग आला. कढई चुलीवर ठेवणाऱ्या पंचांचा आला, तिच्या बापाचा आला, आणि ज्यांनी त्या माणसाला पुराव्याशिवाय सात महिने आत ठेवलं त्यांचाही आला. पोलिसांनी संशयावरून बापाला उचललं, बापानं संशयावरून आईला तेलापुढं उभं केलं. आणि लेकीची ट्रंक उपसून मी नुकतीच मोकळी झाले होते. राग इतका आला की मी तिथून उठून पाणी प्यायला गेले.

परत आले तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती. कधीकाळी नगरपालिकेच्या सभागृहात मी बंदोबस्ताला उभी होते. नवे नगरसेवक शपथ घेत होते. बहुतेकांनी ईश्वरसाक्ष म्हटलं. एक म्हातारे मास्तर निवडून आले होते, ते म्हणाले, “गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की…” मला वाटलं, झालं, आता गोंधळ. कुणी हूं की चूं केलं नाही. नंतर विचारलं तेव्हा कळलं की संविधानातच दोन्ही तऱ्हा दिलेल्या आहेत. ज्याला देव नको असेल त्यानं देवाचं नाव न घेता तेवढ्याच जबाबदारीनं सांगायचं.

“असं म्हणशील?” मी रोशनाला विचारलं.

तिनं ते शब्द दोनदा पुटपुटून बघितले. “ह्यात साक्षीदार कोण?”

“कोणी नाही. तुझी तूच.”

“मग म्हणते.”

संध्याकाळी मी प्राचार्यांसमोर उभी राहिले. केळुसकर साहेब कमी बोलणारे. चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावरच जास्त असायचा. धुमाळ साहेब शेजारच्या खुर्चीत होते.

“नियमात बसतं,” केळुसकर साहेब म्हणाले. “पण कारण काय?”

“कारण सांगायची अट नियमात नाही, साहेब.”

“तुम्हाला माहीत आहे का?”

“आहे.”

“मग सांगा.”

“ते तिचं आहे, साहेब. तिनं मला सांगितलं. फाइलला लावायला सांगितलेलं नाही.”

धुमाळ साहेब टेबलावर पुढे झुकले. “बघा. म्हणजे आहे काहीतरी. सरळ असतं तर सांगितलं नसतं का? बापावर दरोड्याचा संशय, पोरगी देवाच्या नावानं शपथ घेत नाही, आणि उस्ताद ताकास तूर लागू देत नाहीत. उद्या हिच्या हातात रायफल देणार आपण.”

“रायफल नऊ महिने तिच्याच हातात आहे,” मी म्हणाले. “नेमबाजीत दुसरी आली.”

“तेच तर म्हणतो!”

केळुसकर साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. त्यांचाही विश्वास बसलेला नव्हता, माझ्यावरही आणि तिच्यावरही. पण नियम म्हणजे नियम असं मानणाऱ्यांपैकी ते होते. “संचलनाच्या सकाळी, माझ्या खोलीत,” ते म्हणाले. “मी, धुमाळ आणि तुम्ही. तिघांसमोर तिनं स्पष्ट म्हणायचं. एकीसाठी मैदानावर दोन शपथा वाचायला लागलो तर पाहुणे चार प्रश्न विचारतील. आणि अडखळली तर मी तिला परत पाठवीन. चालेल?”

मी चालेल म्हणाले. न चालून सांगते कुणाला?

संचलनाच्या दिवशी सकाळपासून पोरींचे आईबाप यायला लागले. कुणी टमटमनं, कुणी एसटीनं, कुणी भाड्याची जीप करून. मैदानावर मांडव घातला होता, बँडवाले वाद्यं लावून बघत होते. मी रोशनाला साहेबांच्या खोलीकडे पाठवलं, तेवढ्यात फाटकावरचा शिपाई सांगत आला.

“एक बाई अडवलीय. गाठोडं उघडून दाखवत नाही.”

फाटकाशी बाकी सगळे आईबाप पिशव्या हलवत आत जात होते. त्यांच्या पिशव्या कुणी उघडल्या नव्हत्या. ही एकटी बाजूला उभी होती. वाळकी, उन्हानं काळवंडलेली, अंगावर घडी मोडलेलं नवंकोरं हिरवं लुगडं. उजवा हात पदराखाली. मी तिकडे मुद्दाम बघितलं नाही.

“रोशनाची आई ना तुम्ही? मी तिची उस्ताद.”

तिनं माझ्या बाहीवरच्या फिती बघितल्या, मग चेहरा बघितला, आणि डाव्या हातानं गाठोड्याची गाठ सोडून माझ्यासमोर धरलं. आत भाकरी आणि ठेचा होता.

“त्या शिपायानं हात घातला असता तर भाकर बाटली असती,” ती म्हणाली. “पोरीसाठी हाय.”

“चला आत.”

“पोर कुठं हाय?”

“साहेबांच्या खोलीत. शपथ आहे तिची. ती झाली की मैदानावर येईल, मग बघा कशी चालते ती.”

बँडचा आवाज सुरू झाला होता, घड्याळ पळत होतं, मी जवळजवळ धावतच निघाले. तिला प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसवलं, इथंच थांबा म्हणाले आणि आत गेले. तिचा चेहरा एकदम उतरला होता. मला वाटलं, प्रवासानं दमली असेल.

खोलीत केळुसकर साहेब टेबलामागे बसले होते. धुमाळ साहेब खिडकीशी, हात मागे बांधून. टेबलासमोर मोकळ्या जागेत रोशना एकटी, कडक इस्त्रीचा गणवेश, उजवा हात ताठ पुढे.

“म्हणा,” साहेब म्हणाले. “मी…”

“मी रोशना सुंद्री काळे…”

“गांभीर्यपूर्वक दृढकथन करते की…”

“गांभीर्यपूर्वक…”

दार धाडकन उघडलं.

“काय केलं हिनं?”

रोशनाची आई आत आली होती. गाठोडं दारातच पडलं. तिनं खुर्चीतल्या साहेबांकडे बघितलं, खिडकीतल्या साहेबांकडे बघितलं, आणि मग मधोमध एकट्या उभ्या असलेल्या लेकीच्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं.

“ओ बाई, बाहेर व्हा!” धुमाळ साहेब ओरडले. “कुणी सोडलं हिला आत?”

“काय केलं हिनं, सायेब? कशाची शपथ घालताय हिला?”

रोशना हात तसाच ठेवून त्यांच्या भाषेत काहीतरी भराभर बोलली. आईनं ऐकलं नाही. ती टेबलाशी गेली, पदराखालचा हात बाहेर काढला आणि साहेबांच्या समोर काचेवर ठेवला. मनगटापासून पुढे कातडी ओढली गेलेली, बोटं एकमेकांना चिकटून आत वळलेली.

“तिला नका घालू. तिचा हात चांगला हाय. ह्यो घ्या. ह्यो आधीच जळालाय.”

धुमाळ साहेब दोन पावलं पुढे आले होते, ते तिथंच थांबले. पोलिसात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला असा हात कशानं होतो हे विचारावं लागत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. कारण पाहिजे होतं ना, ते काचेवर होतं.

केळुसकर साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, हात उचला. तुमच्या मुलीवर कसलाही आळ नाही.”

तिनं हात उचलला नाही. त्यांचा चेहरा बघितला, मग धुमाळ साहेबांचा, मग माझा. पोलिसांचे चेहरे वाचायची तिला आमच्यापेक्षा जास्त सवय होती.

“मग एकलीलाच का उभी केली?”

ह्याचं उत्तर आमच्याकडे होतं. नियम होता, संचलनाची वेळ होती, पाहुणे होते. रोशनानं पुढे केलेला हात अजून खाली घेतला नव्हता.

केळुसकर साहेब खुर्चीतून उठले. टेबलावरची टोपी घालून त्यांनी वळसा घातला आणि रोशनाच्या शेजारी, तिच्याच रांगेत येऊन उभे राहिले. उजवा हात पुढे केला.

“सुतार,” ते म्हणाले.

मी दुसऱ्या बाजूला उभी राहिले आणि हात पुढे केला.

“धुमाळ.”

धुमाळ साहेब क्षणभर हलले नाहीत. मग आले. त्यांनी हात पुढे केला तेव्हा बाहीतून लाल दोरा बाहेर आला. तो तसाच ठेवून ते ताठ उभे राहिले.

ती आमचे चारी हात बघत राहिली.

“म्हंजे तुमच्यावर बी आळ आलाय?”

“हो,” केळुसकर साहेब म्हणाले. “आमच्यावर आधी.”

तिनं हळूच काचेवरचा हात उचलून पदराखाली घेतला. मागे सरकली, दाराशी पडलेलं गाठोडं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून खाली बसली आणि मान हलवली.

“म्हना मग,” ती म्हणाली. “मी ऐकते.”

आम्ही चौघांनी पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.